काट्याचं अक्षर

काल सगळं ठीक चाललं होतं,
तेच मला बघवलं नाही.
जुनी डिस्क काढली, नवी बसवली,
फाइलीतली एक ओळ बदलली,
आणि निघता निघता म्हटलं, एकदा बंद करून चालू करून बघू.
हात दाखवून अवलक्षण.

दाल्विकचं बंदर. मे महिना. रात्रीचे अडीच,
आणि खिडकीत उजेड, ताकावरच्या निवळीसारखा.
सहाला मासळीचा लिलाव.
बोद्वारची होडी पाचपर्यंत धक्क्याला लागणार,
आणि तिच्यातल्या कॉडचं वजन, भाव, कुणी घेतला, कुठं धाडायचा
हे सगळं ज्याला ठाऊक, तो सर्व्हर
काळ्या स्क्रीनवर एका डिस्कची वाट बघतोय.
नव्वद सेकंद. तो मोजतोय, मीही मोजतेय.
मग म्हणाला, आली नाही.
यापुढं मी जात नाही. मालकाचा पासवर्ड सांगा.

पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय,
केटिलच्या अक्षरात.
तीनदा घातला. तीनदा नाही म्हणाला.
चौथ्यांदा मोठ्यानं वाचत घातला,
जणू तो बहिरा आहे.

केटिलला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.
पहिल्याच घंटीला फोन उचलला.
मेंढ्या विताहेत, म्हणाला, झोपतंय कोण.
"काय बदललंस?"
"काही नाही."
पलीकडं गवत खसखसलं. एक मेंढी कण्हली.
"स्टेइनवोर. काय बदललंस?"

सांगितलं.

"पासवर्डात थॉर्न आहे ना," तो म्हणाला,
"आपलं अक्षर. इतक्या तळाशी
त्याला आपली भाषा आलेली नसते.
पुरता जागा झाला की येते. आत्ता त्याचा कीबोर्ड अमेरिकन."
मग माझ्याशी नाही, मेंढीशी: हो, हो, बाई.
"एक पाय मागं दुमडलाय. ओढून चालत नाही.
पिल्लू परत आत ढकलायचं, पाय सरळ करायचा, मग."
"मग काय?"
"मग ती करते."
फोन बहुतेक गवतात पडला.

मीही मागं ढकललं.
रीबूट. पहिल्या यादीवरच अडवलं,
आणि त्याच्या पहिल्या वाक्याच्या शेवटी लिहू लागले
की बाकी कुणाला उठवू नकोस,
मला फक्त एक दार दे, काही न विचारता.
त्यात बरोबरचं चिन्ह लागतं. ते वजाच्या बटणाखाली सापडलं.
तिरकी रेघ लागते.
ती कुठं असेल?
एकेक बटण दाबत, खोडत, दाबत गेले,
आणि निघाली थॉर्नच्या खालून.
त्या अक्षराचं नावच काटा.
काट्यानं काटा, म्हणजे अगदी असा,
उजव्या करंगळीनं.

दार उघडलं. आत सगळं म्युझियमसारखं:
वाचा, हात लावू नका.
तेही एका ओळीत सोडवलं.
फाइल. माझी ओळ. नव्या डिस्कचं नाव,
छत्तीस खुणांचं, कुणी हाक मारू नये असं.
बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरीसारखं.
सतरावं. मी लिहिला होता सहा.
डिस्कवर होता बी.
पोट दोघांचं सारखंच,
याची पाठ तेवढी ताठ.

चुकीची ओळ पुसली नाही.
तिच्या तोंडाशी एक जाळीची खूण टाकली,
शेजारी तारीख, शेजारी माझं नाव.
यंत्र तिला ओलांडून जाईल.
माणूस थांबेल, हसेल कदाचित.
खाली नवी ओळ लिहिली, आणि परत एकदा
बंद करून चालू.
नव्वद सेकंद लागलेच नाहीत.

चार वाजून दहा मिनिटं. केटिल फोन उचलत नव्हता.
नंतर एक फोटो आला, गवतात चार ओले कान,
आणि खाली दोन शब्द: दुसरं आपोआप.

पाचला बोद्वार आला, बूट न काढता,
दारातूनच मान आत घालून विचारलं,
रात्रभर दिवा दिसत होता, काय झालं?

काही नाही, म्हटलं.
आणि त्याचं पहिलं वजन स्क्रीनवर उमटेपर्यंत
श्वास सोडला नाही.